लहान जातीच्या कुत्र्याचे पिल्लू नव्या घरी केव्हा द्यावे?

रोपाच्या वयाबाबत आपण फार काटेकोर असतो. भाताचे रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की लावणीची घाई करतो. कांद्याचे रोप सहा-सात आठवड्यांचे झाल्याशिवाय गादीवाफ्यातून काढत नाही. कोवळे रोप उपटले तर नांग्या भरता भरता हंगाम निघून जातो, हे कोणी सांगावे लागत नाही. मात्र कुत्र्याचे पिल्लू आणताना हाच शेतकरी "जितके लहान तितके चांगले" असे म्हणून महिन्याचे पिल्लू पिशवीत घालून आणतो.

मी कृषिविद्या विषय शिकवतो, पशुवैद्यक नाही. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये मुलीच्या हट्टापायी शहरातील एका विक्रेत्याकडून पॉमेरेनियनचे पिल्लू आणले. वय विचारले तर "दीड महिना" असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात ते पाच आठवड्यांचेही नसावे. एस.टी.ने तीन तासांचा प्रवास, वर थंडी. रात्री ते थोडे दूध प्याले आणि कण्हत झोपले. पहाटे पाहिले तर अंग गार, मान लुळी, पाय थरथरत होते. पशुवैद्यकीय दवाखाना उघडेपर्यंत ते गेले. डॉक्टरांनी सांगितले की आजार असा काहीच नव्हता, रक्तातील साखर उतरली. त्या दिवसानंतर विद्यापीठातील पशुवैद्यक सहकाऱ्यांना विचारून व वाचून जे समजले, ते येथे मांडत आहे.

लहान जाती म्हणजे कोणत्या?

आपल्याकडे पॉमेरेनियन, पग, ल्हासा ॲप्सो, डॅशहुंड व अलीकडे शिह त्झू, चिवावा या जाती दिसतात. खेड्यापाड्यांत ज्याला पॉमेरेनियन म्हणतात तो पुष्कळदा भारतीय स्पिट्झ असतो. तो अंगाने मोठा व काटक असतो. खरा पॉमेरेनियन पूर्ण वाढला तरी साधारण दीड ते सव्वातीन किलोच भरतो. त्याचे दोन महिन्यांचे पिल्लू बहुधा एक किलोसुद्धा नसते. अल्सेशियनच्या त्याच वयाच्या पिल्लाशी त्याची तुलना करून चालत नाही. येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

पहिल्या आठ आठवड्यांत काय घडते?

जन्मतः पिल्लू आंधळे व बहिरे असते. डोळे साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात, कान त्यानंतर थोड्याच दिवसांत. पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊबसुद्धा नीट राखता येत नाही, आईच्या कुशीवरच ते जगते. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात. सड चावले जाऊ लागले की आई उठून बाजूला होते आणि दूध तुटण्यास तेथून सुरुवात होते. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणे देता येते, पण दूध पूर्णपणे तुटून पिल्लू केवळ बाहेरच्या खाण्यावर तगून राहण्यास सात-आठ आठवडे लागतात. लहान जातींत दात थोडे उशिरा येतात, त्यामुळे हा काळही थोडा लांबतो.

म्हणजे महिन्याचे पिल्लू ताटलीतले दूध चाटते म्हणून ते "सुटे झाले" असे समजणे चुकीचे आहे. चाटणे निराळे, पोट भरून खाणे निराळे.

साखर का उतरते?

लहान जातीच्या पिल्लाचे यकृत लहान, अंगावर मांस व चरबी कमी. त्यामुळे साखरेचा साठा थोडा असतो. उलट वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून ऊब लवकर निघून जाते व ती टिकवण्यासाठी साखर अधिक खर्ची पडते. छोट्या कणगीतले धान्य मोठ्या कुटुंबाला पुरवावे तसा हा प्रकार आहे. अशा पिल्लाचे एक-दोन वेळचे खाणे चुकले, थंडी लागली, हगवण झाली किंवा जागा बदलल्याच्या भीतीने ते खाईनासे झाले की काही तासांत साखर उतरते. पिल्लू सुस्त पडते, चालताना झोकांड्या खाते, थरथरते, हिरड्या फिकट होतात, पुढे झटके येतात.

हा धोका साधारण चार महिन्यांपर्यंत राहतो, पण दर आठवड्याला तो कमी होत जातो. नवे घर, प्रवास, आईचा वियोग आणि खाण्यातील बदल हे चारही ताण पिल्लावर एकाच दिवशी येतात. ते सोसण्याएवढे अंग भरलेले असावे, एवढाच या सर्व चर्चेचा मुद्दा आहे. मोठ्या जातीचे पिल्लू आठ आठवड्यांत तेथवर पोहोचते. लहान जातीच्या पिल्लास १० ते १२ आठवडे द्यावेत असे माझे मत झाले आहे, आणि लहान जातींची पैदास करणारे अनेक जाणकारही तेच करतात.

आई आणि भावंडे काय शिकवतात?

तिसऱ्या आठवड्यापासून पिल्ले एकमेकांशी खेळू लागतात. जोरात चावले की भावंड केकाटते व खेळ थांबवते. आईला जास्त त्रास दिला की ती गुरगुरते किंवा तोंडाने दाबून धरते. दात किती रोवायचे, कोठे थांबायचे हे पिल्लाला माणूस तितक्या चांगल्या प्रकारे शिकवू शकत नाही. पाचव्या आठवड्यात आणलेले पिल्लू पुढे पोरांच्या हातापायांना चावते, तेव्हा आपण त्याला "खोडकर" म्हणतो.

इटलीतील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३० ते ४० दिवसांच्या वयात आईपासून तोडलेली ७० कुत्री आणि दोन महिन्यांनी तोडलेली ७० कुत्री यांची तुलना केली. लवकर तोडलेल्या कुत्र्यांत फार भुंकणे, फिरायला नेताना घाबरणे, सामानाची नासधूस करणे, खाणे व खेळणी अडवून धरणे या खोडी अधिक आढळल्या. दक्षिण आफ्रिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन शेफर्ड पिल्लांवरील अभ्यासात सहा आठवड्यांनी आईपासून दूर केलेल्या पिल्लांचे वजन घटले, त्यांच्यात आजार व मरही जास्त दिसली. १२ आठवडे आईजवळ राहिलेली पिल्ले सरस ठरली. ही तर मोठ्या, दणकट जातीची पिल्ले होती, हे ध्यानात घ्यावे.

"लहानपणी आणले की लळा लागतो"

हा समज गावोगावी आहे आणि त्यात थोडे तथ्यही आहे. तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन ओल्या मातीसारखे असते. या काळात जे दिसेल, ऐकू येईल त्याची भीती राहत नाही. अमेरिकेत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १४ आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास न मिळालेली पिल्ले पुढे माणसाला बुजतच राहिली. परंतु यावरून पिल्लू पाचव्या आठवड्यातच उचलून आणावे असे ठरत नाही. दहाव्या आठवड्यात आलेले पिल्लूही पंधरवड्यात नव्या घराला रुळते, मात्र तोपर्यंत त्याला माणसांची सवय झालेली असली पाहिजे.

म्हणून पिल्लू जास्त दिवस ठेवण्याची जबाबदारी पैदास करणाऱ्यावर येते. पिल्ले गोठ्यामागच्या खुराड्यात कोंडून १२ आठवडे काढली तर निम्मा फायदा वाया गेला. रोज प्रत्येक पिल्लाला थोडा वेळ एकेकटे हाताळावे. घरातील पोरे, म्हातारी माणसे, मिक्सर, मोटारसायकल, कोंबड्या, गाय यांची ओळख होऊ द्यावी. आठव्या आठवड्याच्या सुमारास काही पिल्ले नव्या गोष्टींना बिचकू लागतात. त्या दिवसांत जबरदस्ती करू नये.

याबाबत एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या वेळी पिल्लासाठी शेजारच्या गावातील एका मावशींकडे गेलो. त्यांच्या घरी पगची चार पिल्ले होती, वय आठ आठवडे. पैसे देऊ लागलो तर त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही तर शेतकी कॉलेजातले. निसवायच्या आधी बाजरी कापता का? अजून दोन-तीन आठवडे थांबा. तोवर येऊन बघून जा, पोरीला खेळवू द्या." आम्ही तीन वेळा जाऊन आलो. पिल्लू घरी आले तेव्हा मुलीच्या वासाची त्याला ओळख होती. पहिल्या रात्रीही ते फारसे रडले नाही.

लसीकरणाचा संबंध

आईच्या चिकातून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती साधारण सहाव्या आठवड्यापासून उतरू लागते. काही पिल्लांत ती १६ आठवड्यांपर्यंतही टिकते, आणि ती असेपर्यंत लस नीट लागू होत नाही. म्हणूनच पार्व्हो, डिस्टेंपर इत्यादींची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत देऊन पुढे दर तीन-चार आठवड्यांनी १६ आठवड्यांपर्यंत पुन्हा द्यावी लागते. एक इंजेक्शन झाले म्हणजे काम संपले, असे नाही. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी देतात व तीही चुकवू नये. पिल्लांना जंत आईच्या पोटातून व दुधातूनच येतात, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वजनानुसार जंतनाशक द्यावे.

पिल्लू १० आठवड्यांचे होईपर्यंत थांबल्यास बहुधा दुसरा डोस झालेला असतो. ज्या अंगणात पूर्वी पार्व्होने कुत्रे मेले असेल तेथे ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते, कारण हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो.

कायदा आणि पैसा

प्राणी क्रूरता प्रतिबंध (कुत्रा पैदास व विपणन) नियम, २०१७ नुसार आठ आठवड्यांपेक्षा कमी वयाचे पिल्लू विकता येत नाही. पैदास करून विक्री करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणेही आवश्यक आहे. जोडधंदा म्हणून दोन माद्या पाळणाऱ्यानेही याची माहिती करून घ्यावी.

आठ आठवडे ही खालची मर्यादा आहे. तरीही बाजारात महिन्याची पिल्ले येतात, त्याचे कारण उघड आहे. चौथ्या आठवड्यानंतर पिल्ले खाऊ लागतात, घाण वाढते, लस व जंतनाशकाचा खर्च सुरू होतो. हा सर्व भार विक्रेता घेणाऱ्यावर ढकलतो. शिवाय महिन्याचे पिल्लू कापसाच्या गोळ्यासारखे दिसते व चटकन विकले जाते. पैदास करणाऱ्याने जादा चार आठवड्यांचा खाण्याचा, लशीचा खर्च लिहून ठेवावा आणि तो किमतीत मोकळेपणाने धरावा. घेणाऱ्यानेही तेथे घासाघीस करू नये. मेलेल्या पिल्लाचे पैसे कोणी परत देत नाही.

वय कसे ओळखावे?

जन्मतारीख लेखी मागावी. त्यावर विसंबून न राहता पिल्लाचे तोंड उघडून पाहावे. महिन्याच्या पिल्लाला सुळे नुकतेच फुटलेले असतात, पुढचे दात अर्धवट आणि दाढा नसल्यासारख्या. आठ आठवड्यांच्या सुमारास दुधाचे सर्व २८ दात येतात. लहान जातीत एखादा उशिरा येईल, पण समोरची फळी भरलेली हवी. आई दाखवण्यास सांगावे. आईच नसेल तर पिल्लू कोठून तरी आणलेले आहे असे समजावे. मग आपल्या समोर त्याला खायला घालण्यास सांगावे. मऊ केलेले खाणे ते स्वतः, कोणी बोटाने न भरवता, पोटभर खाते का हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मी तर आता वयापेक्षा या परीक्षेवर अधिक भर देतो. दहा आठवड्यांचे, पण रोडके व ताटलीपुढे नुसते उभे राहणारे पिल्लू आणखी आठवडाभर तेथेच राहू द्यावे.

घरी आणताना

सकाळी आणावे, म्हणजे दिवसभर लक्ष राहते. निघण्यापूर्वी त्याला थोडे खाऊ घालावे. आईच्या अंथरुणातील एक फडके सोबत आणावे. पहिले दहा-बारा दिवस खाणे तेच ठेवावे जे ते पूर्वीच्या घरी खात होते. बदल करायचा तर हळूहळू करावा. दिवसातून चार ते पाच वेळा थोडे थोडे द्यावे व शेवटचे खाणे रात्री झोपण्यापूर्वी द्यावे. गाईच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना हगवण लागते, तेव्हा दुधावरच ठेवू नये. कांदा, द्राक्षे व बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. आपल्या भागात हे तीनही पदार्थ खळ्यावर व ओट्यावर पडलेले असतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

थंडीच्या दिवसांत खोक्यात गोणपाट व जुनी चादर घालून एका बाजूस फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवावी. पिल्लू सुस्त किंवा थरथरताना दिसल्यास मध अथवा साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांना चोळावा, अंग उबदार ठेवावे आणि लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात दूध वा पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. मधाची छोटी बाटली पहिला महिनाभर खोक्याजवळच ठेवावी.