तारा जुळवताना पडलेल्या टाळ्या : शास्त्रीय संगीत ऐकवण्याआधी काय सांगावं?



गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात माझी एक चूक झाली. शनिवारी कलेच्या तासाला मी ब्लूटूथ स्पीकर लावला आणि काहीही न सांगता यमनचा विलंबित ख्याल सुरू केला. दोन मिनिटं मुलं गप्प होती. तिसऱ्या मिनिटाला मागून कुणीतरी "आऽऽऽ" केलं आणि सगळा वर्ग खो खो हसायला लागला. मी रागावले, स्पीकर बंद केला आणि पाढे घ्यायला लावले. (राग शिकवायला गेले आणि रागच आला, हा विनोद मधल्या सुट्टीत ऑफिसमध्ये होऊन गेला.)

घरी गेल्यावर वाटलं, मुलांचं काय चुकलं? त्यांनी असलं गाणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. आणि ते कसं ऐकायचं, हे सांगणारी बाई खुर्चीत नुसती बसून होती.

तेव्हा मला एक जुना प्रसंग आठवला. पुढच्या शनिवारी मी मुलांना तोच गोष्टीसारखा सांगितला. तुम्हीही वर्गात सांगून बघा.

१ ऑगस्ट १९७१. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, लाखो निर्वासित भारतात येत होते. त्यांच्या मदतीसाठी पंडित रविशंकर आणि त्यांचे शिष्य, बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन, यांनी तिथं मोठा कार्यक्रम ठेवला होता. दुपारी एक आणि रात्री एक असे दोन खेळ. गर्दी रॉक संगीताच्या चाहत्यांची होती, पण सुरुवात भारतीय संगीताने झाली. सतारीवर रविशंकर, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्लारखा आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. कलाकार बसले आणि वाद्यं सुरात लावू लागले. दीड-एक मिनिट टुंग टुंग झालं, ते थांबले आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला! त्यांना वाटलं, पहिलं गाणं संपलं. रविशंकरांनी हसून आभार मानले. तारा जुळवणं एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं ते बोलले. हा क्षण त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणात आहे, ऐकायला मिळतो.

हे सांगितल्यावर वर्ग पुन्हा खो खो हसला. "बाई, एवढंपण कळंना व्हय त्यांना?" असं एकानं विचारलं. मी म्हटलं, "आणि मागच्या शनिवारी कोण हसत होतं?" वर्ग एकदम चिडीचूप.

इथूनच खरा पाठ सुरू झाला.

एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगा. त्या टाळ्या म्हणजे मूर्खपणा नव्हे, त्या शिष्टाचाराच्या होत्या. समोरचा थांबला की टाळी वाजवायची, एवढं त्या लोकांना माहीत होतं. प्रत्येक संगीताची ऐकण्याची रीत वेगळी असते. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या सभागृहात रचना पूर्ण होईपर्यंत लोक श्वास रोखून बसतात. एका भागानंतर चुकून टाळी वाजली तर शेजारचा वळून बघतो. आपल्याकडे मात्र गायक समेवर आला की "वाहवा" निघते, मान डोलते, हात मांडीवर पडतो. ती दाद मिळाली नाही तर गाणाऱ्याला चुकल्यासारखं वाटतं. म्हणजे परदेशात पहिल्यांदा वाजवायला गेलेल्या आपल्या कलाकारासमोर दोन अडचणी होत्या. श्रोत्यांना राग माहीत नव्हता, आणि शांत बसलेल्या त्या सभेत आपलं वाजवणं पोचतंय की नाही हे कलाकारालाही कळत नव्हतं.

यावर उपाय काय निघाला? तर, आधी समजावून सांगायचं. आपल्या भाषेत, पूर्वतयारी.

१९५५ साली जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्या निमंत्रणावरून अली अकबर खाँ अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. त्याच सुमारास निघालेल्या रेकॉर्डवर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक असे दोनच राग होते, सिंधुभैरवी आणि पिलू. त्याआधीच्या ७८ गतीच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावायची. इथे राग सावकाश उलगडायला जागा मिळाली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. या रेकॉर्डवर मेन्युहिन स्वतः बोलून श्रोत्यांना संगीताची आणि वाद्यांची ओळख करून देतात. एवढा मोठा कलाकार दुसऱ्याच्या वादनासाठी प्रास्ताविक करतो! आपल्या स्नेहसंमेलनातल्या सूत्रसंचालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. (मी पण त्यातलीच एक आहे.)

पुढे १९५६ मध्ये रविशंकरांनी आकाशवाणीची नोकरी सोडली आणि युरोप-अमेरिकेचे दौरे सुरू केले. परदेशी रंगमंच त्यांना नवा नव्हता. दहा वर्षांचे असताना, १९३० साली, ते थोरले बंधू उदयशंकर यांच्या नृत्यपथकाबरोबर पॅरिसला गेले होते. परका श्रोता कशाला कंटाळतो आणि कुठे सावरून बसतो, हे त्यांनी लहानपणीच विंगेतून पाहिलं होतं. तुमच्या लक्षात आलं असेल, असं बघणं म्हणजे अर्धं डीएड! त्यांच्या त्या काळातल्या 'द साउंड्स ऑफ इंडिया' या रेकॉर्डची सुरुवातच बोलण्याने होते. राग म्हणजे काय, ताल म्हणजे काय, हे साध्या इंग्रजीत सांगून मग ते वाजवतात.

आणि ते नियमही सांगायचे. वाजवत असताना धूम्रपान करू नका, ही त्यांची विनंती ठरलेली. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात माँटेरे इथं मोठा पॉप महोत्सव झाला. तिथं रविवारी दुपारी रविशंकर आणि अल्लारखा वाजवायला बसले. रॉक ऐकायला आलेली ती तरुण मंडळी जवळजवळ तीन तास ऐकत राहिली आणि शेवटी उभी राहिली. त्या महोत्सवाच्या चित्रपटात शेवटचा लांबलचक भाग यांच्याच वादनाचा आहे. अल्लारखांचा तबला आणि सतार यांची सवाल-जवाबातली चढाओढ मुलांना दाखवा, हलणार नाहीत.

पण दोन वर्षांनी, ऑगस्ट १९६९ मध्ये, वुडस्टॉकला ते वाजवायला बसले तेव्हा पाऊस, चिखल आणि नशेत असलेली अफाट गर्दी होती. तो अनुभव त्यांना आवडला नाही, हे त्यांनी पुढे उघडपणे सांगितलं. त्यानंतर अशा महोत्सवांपासून ते हळूहळू दूर झाले. म्हणजे सांगण्यालाही मर्यादा असतात. साठ-सत्तर पोरांचा एकत्र वर्ग ज्यांनी सांभाळलाय, त्यांना मी वेगळं काय सांगू?

भारतात त्यांच्यावर टीकाही झाली. परक्यांसाठी संगीत पातळ केलं, आलाप आखडता घेतला, सवाल-जवाबाची करमणूक वाढवली, असं म्हणत. यावर मी बराच विचार केला, कारण हा आरोप आपल्यावरही होतो. चौथीला अपूर्णांक भाकरीचे तुकडे करून शिकवतो तेव्हा आपण गणित पातळ करतो का? माझं मत असं झालंय की लहान करणं चालतं, खोटं करणं चालत नाही. रविशंकरांनी वेळ कमी केला, पण यमन वाजवताना शुद्ध मध्यम घुसवून तो गोड केला नाही. मात्र टीकाकारांचं एक म्हणणं मला पटतं. ज्या भागाला टाळ्या जास्त, तोच भाग म्हणजे सगळं संगीत असं श्रोत्याला वाटायला लागतं. संमेलनात आपण जलद चालीचं समूहनृत्यच शेवटी ठेवतो ना, तसंच.

आता तारा जुळवण्याकडे परत येऊ. अमेरिकेतल्या लोकांना कळलं नाही, पण आपल्याला तरी माहीत आहे का, एवढा वेळ का लागतो? सतारीला वर सहा-सात तारा आणि त्यांच्याखाली अकरा ते तेरा तरफा असतात. तरफा बहुतेक वेळा छेडत नाहीत. वरची तार वाजली की त्याच सुराची तरफ आपोआप थरथरते. म्हणून प्रत्येक तरफ त्या रागाच्या स्वरांत लावावी लागते. त्यात रंगमंचावरचे तापलेले दिवे आणि सभागृहातला गारवा यांमुळे तारा सारख्या उतरतात, चढतात. हे वाचून सांगण्यापेक्षा दाखवणं बरं. आमचं गाव मिरजेपासून जवळ आहे, म्हणून मी मुलांना सतारमेकर गल्लीत नेलं. पंढरपूरकडचे वाळवलेले भोपळे भिंतीला टांगलेले पाहून "बाई, ह्याची भाजी?" हा प्रश्न आलाच. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथली वाद्यं परदेशातही जातात. कारागीर काकांनी नव्या तंबोऱ्याच्या चारही तारा मुद्दाम बेसूर केल्या आणि एकेक करून जुळवल्या. चौथी तार जुळली तशी सगळी खोली गुंजायला लागली. त्या क्षणी चौतीस मुलांपैकी एकही हललं नाही. तारा जुळवण्याला टाळी पडू शकते, हे मला तिथं पटलं.

परत आल्यावर वर्गात तोच यमन पुन्हा लावला. या वेळी आधी दहा मिनिटं बोलले. राग म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, ठिपके ठरलेले, रेषा आपल्या. यमनात मध्यम तीव्र, तो पेटीवर वाजवून दाखवला. तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजल्या, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला रिकामा हात. मग समेला सगळ्यांनी मिळून "आलीऽ" म्हणायचं असा खेळ ठेवला. विलंबित तालात सम यायला इतका उशीर लागला की मुलं कावली, म्हणून मी मधला भाग सोडून मध्यलयीची बंदिश लावली. हो, मीसुद्धा आलाप आखडता घेतला! सहा मिनिटं ऐकणं झालं. दोन मुलं झोपली, हेही प्रामाणिकपणे सांगते. परदेशातल्या मराठी शाळांमधले पालक हे वाचत असतील तर त्यांनीही करून बघावं. तुमची मुलं आणि माझी मुलं या बाबतीत एकाच बाकावर आहेत.

शेवटचा तास केसरबाई केरकरांचा घेतला. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिका, उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात जगभरातल्या संगीताचे २७ नमुने आहेत आणि त्यांत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छांमध्ये आपली मराठीसुद्धा आहे. दुसरं यान सुटलं ५ सप्टेंबरला आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ती तबकडी आता सूर्यमालेतल्या सगळ्या ग्रहांच्या पलीकडे गेली आहे. आता यापेक्षा परका श्रोता कोण असणार? पण तिथंही ती कशी वाजवायची, सुई कुठे ठेवायची, किती वेगाने फिरवायची, हे वेष्टनावर चित्रांनी कोरून ठेवलं आहे.

मी मुलांना गृहपाठ दिला: वेष्टनावर आणखी एक चित्र काढायचं आहे. हे गाणं कसं ऐकायचं ते शब्द न वापरता दाखवा. सोमवारी चौतीसपैकी एकोणतीस वह्या आल्या. बऱ्याच जणांनी कान काढले, एकाने ओठांवर बोट ठेवलेला परग्रहवासी काढला. त्या दिवशी "आऽऽऽ" करणाऱ्या मुलाने घोंगडीवर बसलेली, भिंतीला टेकलेली एक म्हातारी काढली होती, डोळे मिटलेले आणि एक हात मांडीवर. कोण रे ही, विचारलं तर म्हणाला, "आमची आजी. भजन चालू असलं की अशीच बसती."