साखरेच्या पुढचे रसायनशास्त्र

उसाच्या साखरेचा रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडीतून बनतो. ही जोडी तोडून, तिचा बंध बदलून किंवा तिच्यावर वेगळे अणू बसवून अनेक नवे गोड पदार्थ तयार केले जातात. शीतपेये, बिस्किटे, आइस्क्रीम, औषधी पाक अशा अनेक उत्पादनांत आज ते वापरले जातात. दहावी-बारावीनंतरच्या चर्चेत मात्र या क्षेत्राचे नाव क्वचितच निघते, अगदी सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या ऊसपट्ट्यातही.

साखरेतील तीन हायड्रॉक्सिल गटांच्या जागी क्लोरीन बसवला की सुक्रालोज मिळते. १९७६ मध्ये लंडनमध्ये सापडलेला हा पदार्थ साखरेच्या सुमारे ६०० पट गोड आहे. साखरेचा अंतर्गत बंध एन्झाइमने बदलला की आयसोमॉल्ट्युलोज तयार होते. त्याची ऊर्जा साखरेइतकीच असते, पण ते सावकाश पचते आणि रक्तातील ग्लुकोज एकदम चढत नाही. त्याचे हायड्रोजनीकरण केले की बिनसाखरेच्या गोळ्यांत वापरले जाणारे आयसोमॉल्ट हाती येते. साखरेच्या रेणूला फ्रुक्टोजची आणखी एकके जोडली तर फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड बनते, जे तंतूंसारखे मोठ्या आतड्यापर्यंत न पचता पोहोचते.

सध्या सर्वाधिक चर्चा अॅल्युलोजची आहे. फ्रुक्टोजच्या एका कार्बनवरील मांडणी फिरवली की ते मिळते. गोडी साखरेच्या सुमारे ७० टक्के, ऊर्जा ग्रॅमला ०.४ किलोकॅलरीच्या आसपास. त्यासाठी लागणाऱ्या एन्झाइमवरील मूलभूत काम जपानच्या कागावा विद्यापीठात केन इझुमोरी यांनी केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये लेबलवरील एकूण साखरेच्या आकड्यातून अॅल्युलोज वगळण्याची मुभा दिली. अडचण उत्पादनात आहे. फ्रुक्टोजचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग बदलला की अभिक्रिया समतोलाला येऊन थांबते. उरलेल्या फ्रुक्टोजपासून अॅल्युलोज वेगळे काढणे खर्चिक असते. अधिक टिकाऊ एन्झाइम शोधणे आणि विलगीकरण स्वस्त करणे हे जैवतंत्रज्ञ आणि केमिकल इंजिनीअर यांच्यापुढचे काम अजून संपलेले नाही.

पदार्थ तयार झाला तरी काम अर्धेच होते. एक किलो साखरेची गोडी दोन ग्रॅमपेक्षाही कमी सुक्रालोज देते, पण मग बिस्किटातला उरलेला किलोभर ऐवज कशाने भरायचा? साखर फक्त गोडी देत नाही. ती बिस्किटाला खुसखुशीतपणा आणि भाजल्यावरचा रंग देते, मुरंबा टिकवते, आइस्क्रीमचा गोठणबिंदू खाली आणून ते मऊ ठेवते, चिक्कीला कडकपणा देते. पर्यायी गोडकारकांपैकी एरिथ्रिटॉलने जिभेला गारवा जाणवतो, सॉर्बिटॉल जास्त झाले की पोट बिघडते, अॅल्युलोज साखरेपेक्षा लवकर करपते. त्यामुळे दोन-तीन गोडकारके आणि एखादा तंतू यांचे मिश्रण बसवून, चव घेणाऱ्यांच्या पॅनेलपुढे ते पुनःपुन्हा तपासावे लागते. हे कसब पुस्तकातून थोडे आणि प्रयोगशाळेत उभे राहून जास्त येते. भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआर-इंडिॲब अभ्यासाने २०२३ मध्ये मांडला. त्यांच्या ताटात जाणारा पदार्थ प्रामाणिकपणे बनवणारी माणसे लागणारच आहेत.

शिक्षणाच्या वाटा ओळखीच्या आहेत. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्न तंत्रज्ञानाच्या पदव्या आहेत. बीएस्सी रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रानंतर म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एमएस्सी करता येते. पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था साखर उद्योगासाठी मनुष्यबळ घडवतात. फक्त 'स्वीटनर'ची तोंडओळख करून देणारा महागडा अल्पमुदतीचा कोर्स घेऊ नये. पाया रसायनशास्त्राचा, अन्न तंत्रज्ञानाचा किंवा जैवतंत्रज्ञानाचा हवा.

दर जूनमध्ये पालकांचा प्रश्न मात्र एकच असतो: कॉम्प्युटर मिळेल की एआय? प्रोग्रॅमिंगची खरी आवड असलेल्यांसाठी ती वाट चांगली आहे. पण प्रयोगशाळेत रमणाऱ्या, सेंद्रिय रसायनाची गणिते हौसेने सोडवणाऱ्या मुलीला भावकीतल्या कुणाचे पॅकेज ऐकून कोडिंगला बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे. त्यासाठी शेत गहाण टाकून मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेणे ही तर सरळ चूक आहे. चार वर्षांनी हाती कर्ज आणि नावडती पदवी उरते, आणि त्या अपयशाचा दोष पुन्हा मुलीलाच दिला जातो. 'आम्ही तुझ्यासाठीच केले' या वाक्यापुढे अठरा वर्षांचे मूल काही बोलू शकत नाही. त्याच्या गप्प राहण्याला संमती समजू नये.

ऊसपट्ट्यातील घरांमध्ये आणखी एक अढी असते. साखर म्हणजे थकलेली बिले आणि कारखान्याचे राजकारण, हे बापाने भोगलेले असते, म्हणून मुलाला त्यापासून लांब ठेवायचे. भावना समजण्यासारखी आहे. पण तीन पिढ्या ऊस घालणाऱ्या घराने गाळपाच्या पलीकडे पाहिलेले नसते. साखर पोत्यातून विकण्याऐवजी तिच्यापासून अधिक मोलाचा पदार्थ बनवणे हे शेतकऱ्याच्याही हिताचे आहे, आणि ते करायला रसायन जाणणारी माणसे लागतात.

या क्षेत्राच्या मर्यादाही घरात आधीच बोलल्या जाव्यात. सुरुवातीचा पगार बहुधा सॉफ्टवेअरपेक्षा कमी असतो, पाळ्या असतात आणि कारखाना शहरात असेलच असे नाही. संशोधनात जायचे तर पदव्युत्तर शिक्षणाला पर्याय नाही. विज्ञानही वादांपासून मुक्त नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी सुक्रालोज, स्टीव्हिया यांसारख्या गोडकारकांवर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सुचवले. अॅल्युलोजसारख्या कमी कॅलरीच्या शर्करा आणि एरिथ्रिटॉलसारखी शर्करा-अल्कोहोले त्या सूचनेच्या कक्षेत नव्हती. हा फरक ग्राहकाला नीट सांगणे हेही या क्षेत्रातले काम आहे. भारतीय नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर असलेल्या पदार्थावर 'शुगर फ्री' असे छापता येत नाही. कायदा आणि पोषण दोन्ही वाचता येणाऱ्यांना लेबल, परवाने आणि गुणवत्ता तपासणीच्या विभागांत जागा असते. यंत्रांपेक्षा कागदपत्रांत आणि नियमांत ज्यांचे मन लागते, अशा विद्यार्थ्यांनी तिकडे वळावे.