तैवानमधला डच किल्ला आणि न वाचता येणारे कागद



आमच्या वर्गाची सहल वेंगुर्ल्याला गेली होती. तिथे आम्ही डच वखार पाहिली. भिंती पडलेल्या, वर झाडं उगवलेली. आम्ही तिथेच लपाछपी सुरू केली. तेव्हा गुरुजी म्हणाले, "अरे, ही वखार ज्या कंपनीची होती ना, त्याच कंपनीचा एक किल्ला तैवान बेटावर आहे." शाळेत आल्यावर मी पृथ्वीगोलावर तैवान शोधले. चीनच्या पूर्वेला एवढेसे बेट! आपल्या महाराष्ट्रात अशी आठ बेटे मावतील.

डच म्हणजे हॉलंडचे लोक. त्यांची ईस्ट इंडिया कंपनी १६२४ साली तैवानात आली. आज ज्याला ताइनान शहर म्हणतात, तिथे समुद्राकाठी त्यांनी झीलँडिया नावाचा किल्ला बांधला. विटा जावा बेटावरून गलबतांनी आणल्या. विटा सांधायला वाळू, शिंपल्यांचा चुना, साखरेचे पाणी आणि चिकट तांदळाची पेज वापरली, असे सांगतात. आजी म्हणाली, "आपल्याकडेही चुन्यात गूळ घालायचे." त्या किल्ल्याची एक भिंत अजून उभी आहे.

डच तिथे ३८ वर्षे होते. हरणांची कातडी ते जपानला विकायचे. उसाच्या आणि भाताच्या शेतीसाठी त्यांनी चीनमधून शेतकरी आणले. पुढे कोक्सिंगा नावाच्या चिनी सेनापतीने किल्ल्याला नऊ महिने वेढा घातला आणि १६६२ च्या फेब्रुवारीत डच हरून निघून गेले.

पण त्यांच्या खुणा राहिल्या. वाटाण्याच्या ज्या कोवळ्या शेंगा सालीसकट परततात, त्यांना तिथे 'हॉलंडच्या शेंगा' म्हणतात. (आपण नाही का पोर्तुगीजांचे पाव आणि बटाटा हे शब्द घेतले!) आंबासुद्धा तैवानात डचांनीच नेला म्हणे. मला वाटायचे, आंबा फक्त आमच्या कोकणातच! तिथे जमीन 'काह' या मापाने मोजतात. तो शब्दही शेताच्या डच शब्दावरून आला असे मानतात. एक काह म्हणजे जवळजवळ २ एकर १६ गुंठे. हा हिशेब बाबांनी करून दिला.

२०२४ साली या गोष्टीला ४०० वर्षे झाली, म्हणून ताइनानमध्ये वर्षभर उत्सव झाला. कंदिलांचा मोठा सोहळाही त्या वर्षी तिथेच होता. पण काहींनी विचारले, ४०० वर्षे कशाची? डच यायच्या आधीपासून तिथे सिराया आणि इतर लोक राहत होतेच की. मला हे पटले. शिवाय १६३६ साली डचांनी जवळच्या लामे बेटावर स्वारी केली, तेव्हा गुहेत लपलेली शेकडो माणसे मेली. बायकामुलेही होती त्यात. शेंगा आणि आंबे सांगायचे आणि हे सांगायचे नाही, असे कसे चालेल?

आता मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट. सिराया लोकांना आधी लिपी नव्हती. डच पाद्र्यांनी शाळा काढून त्यांना रोमन अक्षरे शिकवली. डच गेले, तरी सिराया लोक आपल्या भाषेत जमिनीचे कागद त्याच अक्षरांत लिहीत राहिले. एका बाजूला चिनी, एका बाजूला सिराया. असा एक कागद तर १८१३ सालचा आहे, म्हणजे डच गेल्यानंतर दीडशे वर्षांनी! पुढे मात्र ती भाषा बोलायची थांबली. अक्षरे दिसत, पण नातवंडांना अर्थ लागेना. आता तिथली काही मंडळी जुन्या पुस्तकांतून शब्द वेचून मुलांना ती भाषा पुन्हा शिकवत आहेत. १६६१ साली अॅम्स्टरडॅमला छापलेले सिराया भाषेतले बायबलचे भाग त्यांना त्या कामी येतात.

हे ऐकले आणि मला आमच्या घरची पत्र्याची पेटी आठवली. तिच्यात खापरपणजोबांचा एक मोडी कागद आहे. खालच्या मळ्याचा असावा, असे बाबा म्हणतात. घरात तो कोणालाच वाचता येत नाही. आजोबांनाही नाही. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला आहे. गावात कोणाच्या ओळखीत मोडी वाचणारे असतील, तर पालकांनी आमच्या गुरुजींना सांगावे.