जयपूरला कधी गेलास?

इंदापूर,
9 फेब्रुवारी

चि. सुजित यास अनेक आशीर्वाद.

परवा बारामतीच्या लग्नात तुझ्याविषयी जे कानावर आलं, ते आधी तुझ्या आईला सांगणार होतो. नाही सांगितलं. ताईचं बीपी तुला माहीत आहे. म्हणून थेट तुलाच लिहितोय. फोन केला तर तू नुसतं ‘हो मामा, हो मामा’ करतोस आणि पलीकडे बोटं चालूच असतात.

पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, “तुमचा भाचा लई हुशार निघाला. एमआयडीसीत दिवसभर राबून मिळत नाही तेवढं मोबाइलवर तारे वाटून मिळवतोय म्हणे.” मी हसून वेळ मारून नेली, पण घास काही उतरेना. घरी आल्यावर पिंकीला तुझं खातं उघडायला लावलं आणि तू आजवर लिहिलेलं सगळं वाचून काढलं.

सुरुवातीचं वाचून ऊर भरून आला, हे आधी कबूल करतो. भिगवण रोडच्या त्या पंक्चरवाल्याबद्दल तू लिहिलंस: ट्यूबला ठिगळं दोन लावली, पैसे एकाचेच घेतले; हवेचा पंप मात्र बिघडलेला होता. मग आठवड्यानं परत जाऊन, पंप दुरुस्त झाला, अशी खाली भर घातलीस. असं लिहायला नजर लागते. आमच्या ग्राहक पंचायतीत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांनाही असा चार ओळींचा स्वच्छ जबाब लिहिता येत नाही.

मग डिसेंबरपासून काय झालं? जयपूरचं एक हॉटेल: ‘अतिशय सुंदर सेवा, एकदा नक्की भेट द्या’, पाच तारे. सुरतेचं साडीचं दुकान: ‘अतिशय सुंदर सेवा, एकदा नक्की भेट द्या’, पाच तारे. कोइमतूरचा दातांचा दवाखाना: तेच शब्द, तेच तारे. सुजित, तू जयपूरला कधी गेलास? पंढरपूर, जेजुरी, पुणे आणि कॉलेजच्या सहलीत एकदा गणपतीपुळे, यापलीकडे तू गेल्याचं मला तरी माहीत नाही. आणि दात तर तू अजून बारामतीतसुद्धा दाखवले नाहीस, मामी कधीची मागे लागली आहे.

हा काय प्रकार असतो ते मला ठाऊक आहे, म्हणून झोप उडाली. टेलिग्रामवर निरोप येतो: अमुक हॉटेलला पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पन्नास रुपये मिळतील. आणि ते पन्नास खरोखर येतात. दुसऱ्या दिवशी दीडशे येतात. मेख तिथंच आहे. माणसाचा विश्वास बसला की ‘प्रीपेड टास्क’ निघतो: आधी हजार भरा, तेराशे घ्या. मग दहा हजार, मग पन्नास हजार. फोनच्या पडद्यावर नफ्याचा आकडा फुगत राहतो, पण काढायला गेलं की आधी कर भरा, आधी दंड भरा. कुणी उसनवारी करून भरतं, कुणी बायकोचं डोरलं मोडून. तुझ्या वडिलांच्या वेळचं भिशीचं प्रकरण आपल्या घराला पुरेसं आहे. ते दोन गुंठे काही परत आले नाहीत, आणि भावजींनी त्यानंतर कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही, हे तू लहान होतास तरी पाहिलं आहेस. तेव्हा भरले असशील तर आत्ता सांग. 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम अडवता येण्याची आशा. आणि कुणी तुझं बँकेचं खातं ‘जरा वापरायला’ मागितलं असेल तर बिलकूल देऊ नकोस. दुसऱ्याचे लुबाडलेले पैसे तुझ्या खात्यातून फिरले की खातं गोठतं आणि पोलिस तुझ्या दारात येतात.

समजा, तू एक रुपयाही भरला नाहीस, फक्त घेतलेस. तरीही माझा प्रश्न तोच आहे. जयपूरचं काय?

तिथं उद्या कुणी लेकराबाळांना घेऊन जाईल. रात्री उशिरा स्टेशनवर उतरेल, फोनमध्ये तुझे पाच तारे बघेल आणि रिक्षावाल्याला तोच पत्ता देईल. तुझ्या पन्नास रुपयांचं बिल तो माणूस भरणार. भारतीय मानक ब्युरोनं 2022च्या नोव्हेंबरात ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 नावाचं मानक काढलं. विकत घेतलेले, किंवा त्याच कामाला लावलेल्या माणसांकडून लिहून घेतलेले अभिप्राय छापायचे नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. मानक ऐच्छिक ठेवलं, तिथंच सगळं ढिलं पडलं, असं माझं मत. पण 2020च्या ई-कॉमर्स नियमांत ऐच्छिक काही नाही: विक्रेत्यानं ग्राहकाचं सोंग घेऊन आपल्याच मालाची तारीफ लिहायची नाही. तुला पन्नास रुपये देणारा ते सोंग तुझ्या तोंडाला फासतोय, एवढंच.

पुण्यात बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा ग्राहकाला कुणी विचारत नव्हतं. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, 1986च्या 24 डिसेंबरला आला. म्हणून त्या तारखेला दरवर्षी ग्राहक दिन होतो आणि आम्ही पाचपंचवीस म्हातारे हार-नारळ घेऊन जमतो. हसू नकोस. तुला फोनवर बिनधास्त वाईट लिहिता येतं, तेसुद्धा आपोआप आलेलं नाही. मुंबईत 2000 साली फैसल फारुकींनी माउथशट ही अभिप्रायांची साइट काढली. वाईट अभिप्राय काढा म्हणून कंपन्यांच्या नोटिसा येऊ लागल्या, तेव्हा ही मंडळी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. 24 मार्च 2015च्या श्रेया सिंघल निकालात त्यांचीही याचिका होती. कुणी नुसता आक्षेप घेतला म्हणून साइटनं मजकूर काढायची गरज नाही; कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश लागेल, असं कोर्टानं ठरवलं. एवढं भांडून मिळवलेली जागा तू कोइमतूरच्या दातांसाठी भाड्यानं दिलीस.

आता कुंभारगावचं. तिथल्या नावाड्याला तू एक तारा दिलास आणि लिहिलंस, ‘फ्लेमिंगो दिसले नाहीत, पैसे वाया.’ हे पैसे घेऊन लिहिलेलं नाही, तुझं स्वतःचंच आहे, आणि म्हणून मला ते जास्त लागलं. अरे, तू गेलास डिसेंबरात. उजनी काठोकाठ भरलेली. रोहित पक्षी गुडघाभर पाण्यात, चिखलात चोच घालून खातो; पाणी ओसरून कडेचा गाळ उघडा पडेपर्यंत तो इथं कशाला उतरेल? आत्ता जा, थवेच्या थवे दिसतील. त्या पोरानं तुला दोन तास फिरवलं, चित्रबलाक दाखवले, शेकाट्या दाखवल्या, काठावर त्याच्या आईनं चुलीवरचा चहा दिला, हे तूच घरी येऊन सांगितलंस. लिहिताना त्यातलं अक्षर नाही. त्याच्या नावाखाली मोजून अकरा अभिप्राय आहेत. बाराशे असते तर तुझा एक तारा कुठल्या कुठे विरून गेला असता. अकरांत तो ठसठसतो.

आमच्या एका शिबिरात एका प्राध्यापकांनी सांगितलेलं मी वहीत टिपून ठेवलंय. हार्वर्डच्या मायकेल लूका यांनी अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या हॉटेलांचा हिशेब मांडला. येल्पवर एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढतं असं निघालं. आणि पुढची गोष्ट महत्त्वाची: हा फरक सुट्या, एकट्यादुकट्या हॉटेलांना पडतो, गावोगाव शाखा असलेल्या बड्या नावांना पडत नाही. म्हणजे तुझ्या एका बोटाचा मार बसतो तो कुंभारगावच्या पोराला. पिझ्झावाल्याला त्याचं काही नाही.

तू म्हणशील, मामाला आयुष्यभर तक्रारीच करायला आवडलं. नाही रे. उलट झालंय. कायदा यायच्या आधीची गोष्ट, मी तुझ्याएवढा असेन. निमगावच्या रानात आम्ही कांदा केला होता. बी आणलं सोयऱ्याच्याच दुकानातून. गळ्याशी आलं तेव्हा निम्म्याहून अधिक वाफ्यांत डेंगळे. नुसती फुलं, खाली कांदा नाही. मी चिडून पिशवीवरचा छाप आणि पावती घेऊन निघालो, तर तुझ्या आज्यानं वेशीपाशी अडवलं. “सोयरीक आहे, बोलायचं नाही.” मी गप्प बसलो. पुढच्या वर्षी तेच बी शेजारच्या वस्तीवर आणखी दोघांनी आणलं. त्यातल्या एकाचं कर्ज मला ठाऊक होतं. बांधावर तो भेटला, ‘बी कसं आहे?’ म्हणून त्यानं विचारलंही होतं, आणि मी ‘बरं आहे’ म्हणालो. पुढं ग्राहक पंचायतीत का गेलो, असं तुझी मामी विचारते, तेव्हा मी दुसरंच काहीतरी सांगतो.

जाऊ दे. विषय तुझा आहे.

जरा जास्तच बोललो असेन. तुला लिहू नकोस असं मी म्हणत नाही. तू लिहायलाच हवंस. ज्याचा पैसा आपण स्वतः मोजला, जे स्वतः खाल्लं, वापरलं, त्यावरच लिही. कधी गेलो, काय घेतलं, किती दिले हे असू दे, बिल जपून ठेव. डोकं तापलं असेल त्या रात्री लिहू नकोस, सकाळी लिही. ‘भेसळ करतो’ असं लिहिलंस तर सिद्ध करायची पाळी तुझ्यावर, अब्रूनुकसानीचा खटला होऊ शकतो. ‘मला भाजीला आंबूस वास आला’ असं लिहिलंस तर ते तुझं तुझ्यापाशी खरं आहे. खरोखर भेसळ दिसली तर तारे देत बसू नकोस, अन्न व औषध प्रशासनाकडे जा, आणि मालात किंवा सेवेत फसवणूक असेल तर 1915वर ग्राहक हेल्पलाइनला फोन कर. काकाच्या मेडिकलबद्दल आणि दाजींच्या हॉटेलबद्दल चांगलं-वाईट काहीच लिहायचं नाही, लोक आडनाव वाचतात. आणि त्या पॉइंटांचा, लोकल गाइडच्या पायऱ्यांचा हव्यास नको. पंक्चरवाल्याचं लिहिलंस तेव्हा तू कुठल्या पायरीवर होतास? पहिल्याच ना?

पगार पुरत नाही, हे मला कळतं. खोलीचं भाडं, गाडीचा हप्ता, ताईची औषधं. तू कुणाकडे मागत नाहीस, हा तुझा गुण आहे आणि खोडही. अरे, मामा कशाला असतो? ताईच्या औषधांचं या महिन्यापासून मी बघतो. तिला कळू द्यायचं नाही आणि तूही परतफेडीची भाषा करायची नाही. ज्यांचे पैसे घेतलेस त्यांना परत करत बसू नकोस, ते आणखी जाळ्यात ओढतील. ग्रुपमधून बाहेर पड, स्क्रीनशॉट जपून ठेव आणि ती जयपूर-सुरतेची फुकाची स्तुती काढून टाक. रागावलो म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. पंक्चरवाल्याचं मी मामीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरगं अगदी ताईवर गेलंय.

येत्या रविवारी सुट्टी टाक. सकाळच्या एसटीनं भिगवणला उतर, मी इंदापुराहून येतो. आधी कुंभारगावला होडीत बसू, मग तिथंच चिलापी खाऊ. त्या पोराबद्दल काय लिहायचं ते नंतर तुझं तू ठरव. गाडीभाडं मी देईन. होडीचे पैसे मात्र तू दे.

तुझा,
मामा