यंदाच्या पावसात बांधावर नेपियर

मृगाचा पाऊस झाला आणि जमिनीत वीतभर ओल गेली की संकरित नेपियरच्या लागवडीला चांगली वेळ येते. बागायतात फेब्रुवारीपासूनही लावता येते, पण बांधावर लावायचे तर जून-जुलै चुकवू नका. ऑगस्टनंतर लावलेला ठोंब मूळ धरेपर्यंत पाऊस ओसरतो.

हे गवत बाजरी आणि नेपियर यांच्या संकरातून आले आहे. त्याला उगवणारे बी येत नाही, म्हणून कांडी किंवा ठोंबच लावावा लागतो. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले जयवंत, फुले यशवंत आणि फुले गुणवंत हे वाण राज्यात चांगले रुळले आहेत. बेणे विद्यापीठाकडून किंवा गावातल्या निरोगी प्लॉटमधून घ्या. मोबाइलवर ‘सुपर’ नावाने चढ्या दरात विकल्या जाणाऱ्या कांड्यांच्या मागे लागू नका.

तीन महिन्यांच्या ताटाचा मधला भाग निवडून दोन-तीन डोळ्यांची कांडी करा. ती तिरकी लावा, एक-दोन डोळे मातीत आणि एक वर राहू द्या. शेतात 90 × 60 सेंमी अंतर ठेवा, म्हणजे गुंठ्याला सुमारे 185 ठोंब लागतात. पाण्याची सोय असेल तर वर्षाला हेक्टरी 1500 क्विंटल हिरवा चारा धरायला हरकत नाही. गाईला रोज 20 किलो वैरण लागते असे मानले, तर एका गाईला साधारण पाच गुंठे पुरतात.

मला या गवताचे जास्त मोल वाटते ते बांधावर. उताराला आडव्या बांधावर 30 सेंमी अंतराने दोन ओळी लावा आणि दुसऱ्या ओळीतला ठोंब पहिल्या ओळीतल्या दोन ठोंबांच्या मधोमध येऊ द्या. दाट फुटव्यांवर आदळून वाहते पाणी मंदावते, गाळ तिथेच बसतो, मुळे बांध आवळून धरतात. मात्र ओळीत एकही खांड राहता कामा नये. सगळे पाणी त्याच जागेतून घुसते आणि बांध फोडते. म्हणून लावल्यावर तीन आठवड्यांनी नांग्या भरा. पहिले वर्षभर गुरे बांधावर सोडू नका.

याची हावरी मुळे शेजारच्या पिकाचे पाणी आणि खत ओढतात, त्यामुळे बांध आणि पीक यांत किमान मीटरभर जागा सोडा. अरुंद बांध असेल किंवा मुरमाड, कोरडवाहू जमीन असेल, तर नेपियरचा हट्ट नको, तिथे मारवेल लावलेले बरे. मका घेणाऱ्यांनी मक्याभोवती नेपियरच्या तीन-चार ओळी जरूर लावाव्यात. लष्करी अळीचे पतंग त्यावर अंडी घालतात आणि मक्यावरचा भार हलका होतो.

पहिली कापणी लागवडीनंतर साधारण 70 दिवसांनी करा, पुढच्या सहा ते आठ आठवड्यांनी. जमिनीपासून 15 ते 20 सेंमी ठेवून कापा. बुडापासून खरडले तर फुटवे कमी येतात आणि मोकळ्या बांधावरून माती निघून जाते. प्रत्येक कापणीनंतर हेक्टरी 25 किलो नत्र द्या, म्हणजे गुंठ्याला साधारण अर्धा किलो युरिया. मात्र खत ओल असतानाच टाका. कापणी लांबली की ताटे कडक होतात, जनावरे पाला खाऊन दांडे टाकतात. त्यासाठी कुट्टी करूनच घाला.

नेपियरमध्ये ऑक्झॅलेट असते आणि ते जनावराच्या अंगातला कॅल्शियम बांधून ठेवते. दुभत्या गाईला नुसता नेपियर घातला तर ती हळूहळू खंगते. म्हणून लसूणघास, चवळी किंवा शेवरी यांसारखा द्विदल चारा त्यात मिसळा, जोडीला थोडा कडबा आणि रोज खनिज मिश्रण द्या. ताण पडून मग पाऊस झाल्यावर आलेली कोवळी, हिरवीगार फूट तर एकदम पोटभर घालूच नका, तिच्यात नायट्रेट साठलेले असू शकते.

बेणे आणण्याआधी एका मोठ्या पावसात शेतात जा, पाणी कुठून वाहते आणि कोणता बांध ढासळतो ते डोळ्यांनी पाहा, आणि लागवड त्याच बांधापासून सुरू करा.