बेसिनच्या कडेचं सिलिकोन वाळत नाही, मग घट्ट कसं होतं?

ऑगस्टमधला दमटपणा अल मजाजच्या रहिवाशांना वेगळा सांगायला नको. एसीतून बाहेर खालिद लगूनच्या काठावर पाऊल टाकलं की चष्म्यावर लगेच धुकं धरतं. आज हाच दमटपणा आपल्या कामाला येणार आहे.

तुमच्या बाथरूममधलं बेसिन जरा नीट पाहा. बेसिन आणि भिंत यांच्यामधली पांढरी पट्टी काळी पडली आहे का? एखाद्या कोपऱ्यात सुटली आहे का? त्या फटीतून रोज थोडं पाणी आत झिरपतं, खालच्या कपाटाचा भुसा-बोर्ड फुगतो आणि घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. घरमालकाला विचारून ही पट्टी घरच्या घरी बदलता येते.

मी हे काम पहिल्यांदा केलं तेव्हा दोन चुका केल्या. जुन्या पट्टीवरच नवा थर दिला आणि लवकर वाळावा म्हणून हेअर ड्रायर फिरवला. महिन्याभरात तो थर सोलल्यासारखा हातात आला.

वाळणं नव्हे, जुळणं

भिंतीचा रंग वाळतो, म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. सिलिकोनचं नेमकं उलट आहे. त्याला पाणी लागतं!

आधी नावाचा घोळ मिटवू. सिलिकॉन हे मूलद्रव्य आहे, वाळूत आणि संगणकाच्या चिपमध्ये असतं ते. सिलिकोन म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू आळीपाळीने गुंफून तयार झालेल्या लांब साखळ्या. दुकानात मात्र दोन्हींना सिलिकॉनच म्हणतात.

ट्यूबमध्ये या साखळ्या सुट्या असतात, म्हणून ते लोण्यासारखं बाहेर येतं. नेहमीच्या प्रकारात साखळ्यांच्या टोकांना ॲसिटेटचे गट असतात. हवेतल्या बाष्पाचा रेणू तिथे पोचला की तो गट ॲसिटिक आम्ल होऊन सुटतो. व्हिनेगरसारखा वास येतो तो याचाच. मोकळी झालेली टोकं एकमेकांना जोडली जातात, जाळं विणलं जातं आणि लोण्याचं रबर होतं.

म्हणजे हवेतलं बाष्प हा इथे कच्चा माल आहे. हेअर ड्रायरने कितीही ऊब दिली तरी हा कच्चा माल वाढत नाही. शिवाय बाष्पाला बाहेरून आत जायचं असतं. वरची साय काही मिनिटांत धरते, पण आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. पहिल्या 24 तासांत साधारण 2 ते 3 मिलिमीटर. थराची जाडी दुप्पट केली तर वेळ दुप्पट नाही, जवळपास चौपट लागतो. म्हणून जाड थर म्हणजे मजबूत थर, हा समज सोडा.

जुन्यावर नवं का धरत नाही?

घट्ट झालेल्या सिलिकोनच्या पृष्ठभागावर मिथिल गटांची दाटी असते. त्यावर काहीही सहज पसरत नाही, चिकटत नाही. नवं सिलिकोनही तिथे अळवावरचं पाणी ठरतं. काळी बुरशी सिलिकोन खात नाही. त्यावर बसलेल्या साबणाच्या आणि त्वचेच्या तेलकट थरावर ती जगते. पण ती आत रुतली की घासून निघत नाही. पट्टीच काढावी लागते.

संगमरवर असेल तर थांबा

गावाकडच्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू पिळताना थेंब सांडला की पांढरट डाग पडतो, आठवतं? कडप्पा हा चुनखडीचा दगड, आणि आम्ल चुनखडीला खातं. संगमरवरही त्याच कुळातला. तिथे व्हिनेगरचा वास येणारं सिलिकोन वापरू नका. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या. आरशालाही तेच लागू. आम्लाने मागचा मुलामा काळा पडतो.

आता कृती

1. जुनी पट्टी ब्लेडने पूर्ण काढा. उरलेले कण खरवडा.
2. बुरशीसाठी ब्लीच लावलंत तर भरपूर पाण्याने धुऊन टाका. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो.
3. फट रात्रभर कोरडी होऊ द्या. बाष्प हवेत हवं, फटीत पाणी नको. ओल्या पृष्ठभागावर पकड बसत नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.
4. फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. नळीचं टोक तिरकं कापा आणि न थांबता एका दमात रेघ ओढा. एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा.
5. साय धरण्याआधी साबणाच्या पाण्यात बोट बुडवून रेघ एकसारखी करा आणि टेप लगेच ओढून काढा.
6. किमान 24 तास बेसिन वापरू नका.

व्हाइट सिमेंट का नाही? ते कडक असतं. बेसिनवर हात टेकला की ते किंचित हलतं. शिवाय उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून ‘थंड’ नळालाही गरम पाणी येतं आणि त्या उष्णतेने प्रत्येक वस्तू वेगळ्या प्रमाणात फुगते. सिमेंटला तडा जातो, सिलिकोन ताणलं जातं.

आठवड्याभराने एक चाचणी करा. रात्री बेसिनखालच्या कपाटात कोरडा टिश्यू पसरून ठेवा. सकाळी तो ओला असेल तर गळती कडेची नाही, पाइपची असण्याची शक्यता जास्त. मग सिलिकोनची दुसरी ट्यूब आणू नका. नातूरला सांगून प्लंबर बोलवा.