हत्यार हुकमतीत राहावे
ग्रामीण यंत्रावजारांचा सुरक्षित वापर आणि निगा

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या मोठ्या गावात आज कानावर पडणारे आवाज बदलले आहेत. सुताराच्या वाकसाची ठकठक आणि लोहाराच्या भात्याचा फुसकारा यांची जागा विजेवरील रंध्याने व ग्राइंडरने घेतली आहे. गोठ्यात कडबाकुट्टी आली, शेतात मळणीयंत्र आले. कष्ट हलके झाले, वेळ वाचला. ही प्रगतीच होय. परंतु हाताच्या वेगाने चालणारे हत्यार चुकले तर कातडी सोलवटते; विजेच्या वेगाने फिरणारे चुकले तर बोटे जातात. आणि कारागिराची बोटे गेली म्हणजे घरची भाकरी गेली.

वर्धा जिल्ह्याला यंत्र आणि माणूस यांच्या नात्याचा विचार नवा नाही. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्ध्यातच झाली आणि १९३८ साली महात्मा गांधींच्या हस्ते येथे मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. गांधीजींचा यंत्राला सरसकट विरोध नव्हता. शिवणयंत्राचा तर त्यांनी गौरवच केला होता. यंत्राने माणसाची सेवा करावी, त्याचा घात करू नये, हीच त्यामागील दृष्टी होती. सुरक्षिततेचा प्रश्नही मुळात हाच आहे.

कारखाना आणि अंगण

चालत्या यंत्राला संरक्षक आवरण घालण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कारखानदारावर टाकली आणि त्यावर देखरेखीसाठी निरीक्षक नेमले. गावातील वेल्डिंगच्या दुकानात वा शेतकऱ्याच्या अंगणात मात्र असा निरीक्षक सहसा फिरकत नाही. मळणीयंत्रावरील अपघात लक्षात घेऊन संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम संमत केला. तथापि, कायदा पुस्तकात असतो आणि हात यंत्रात. म्हणून गावाने आपला निरीक्षक आपणच व्हावे, हे या लेखाचे सांगणे आहे.

वेगाचे भान

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते. म्हणजेच तिच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात जातो. अशी चकती फुटली, तर तिचे तुकडे अडविणारी वस्तू एकच : तिच्यावरील पत्र्याचे आवरण. ‘काम नीट दिसत नाही’ म्हणून तेच प्रथम काढले जाते. आवरण काढून त्यावर मोठी चकती चढविणे हा तर अपघाताला धाडलेला सांगावाच होय. कारण मोठ्या चकतीवर छापलेली वेगमर्यादा लहान ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी असते.

डोळ्यांवर चष्मा हवाच. ड्रिल यंत्रावर मात्र हातमोजे, सैल बाह्या व मनगटातील गंडेदोरे नकोत. फिरता भाग त्यांना धरून हात ओढून घेतो. ठिणग्यांच्या कामापासून ज्वलनशील वस्तू ३५ फूट दूर ठेवण्याचा दंडक आहे. घरोघरी कापूस साठविणाऱ्या आपल्या भागात तो विशेष पाळला पाहिजे.

फ्यूज माणसाला वाचवीत नाही

फ्यूज असल्याने आपण सुरक्षित आहोत, हा समज सर्वत्र आढळतो. पाच अँपिअरचा फ्यूज वायरीचे रक्षण करतो. माणसाच्या हृदयाची गती बिघडविण्यास मात्र एका अँपिअरचा काही शतांश भागही पुरतो. म्हणून तीन पिनी प्लग व चांगले अर्थिंग यांच्या जोडीला, ३० मिलिअँपिअरची गळती होताच क्षणार्धात पुरवठा तोडणारे ‘आरसीसीबी’ हे उपकरण बसवावे. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. प्लगाऐवजी वायरीची उघडी टोके काडीने सॉकेटमध्ये खोचण्याची सवय तर तत्काळ सोडावी.

मळणीच्या दिवसांत

भारतीय मानकानुसार मळणीयंत्राची पीक घालण्याची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब असावी व तिचा किमान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. त्यामागील कारण सोपे आहे : हात फिरत्या ढोलापर्यंत पोहोचताच कामा नये. ट्रॅक्टरचा यंत्राला जोडलेला दांडा मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. पदराचे वा उपरण्याचे टोक त्यात सापडल्यास सोडवून घेण्याइतकाही अवधी मिळत नाही. त्या दांड्यावर आवरण असल्याखेरीज यंत्र सुरू करू नये. थकलेल्या, झोप आलेल्या वा नशा केलेल्या माणसाला यंत्रापाशी उभे करू नये.

निगा

यंत्राची निगा हीच निम्मी सुरक्षितता. चकती वा पाते बदलण्यापूर्वी केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढावा. वायर तडकली असल्यास चिकटपट्टी न गुंडाळता ती बदलावी. हवेच्या झरोक्यांतील धूळ झाडावी, झिजलेले कार्बन ब्रश वेळीच बदलावेत. पात्याला धार ठेवावी. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर देताना हात घसरतो.

इतके करूनही अपघात झालाच, तर प्रथम वीज वा इंजिन बंद करावे आणि जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावी. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे. ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

खंडेनवमीचा संकल्प

खंडेनवमीला आपण हत्यारे धुऊन त्यांची पूजा करतो. सोयाबीनच्या मळणीचा हंगामही त्याच सुमारास येतो. त्या दिवशी ग्रामपंचायतीने गावातील यंत्रांची तपासणी ठेवावी. आवरण, अर्थिंग, वायर व पन्हळ या चार गोष्टी पाहण्यास मोठी विद्या लागत नाही. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना सोबत न्यावे. घरी जाऊन ‘बाबा, यावरचे झाकण कुठे आहे?’ असे विचारणारे मूल शंभर फलकांचे काम करील. यंत्राला हळदकुंकू वाहताना त्याचे काढून ठेवलेले आवरणही पुन्हा बसविले जावे. हत्याराची पूजा करणारे हात पुढच्या खंडेनवमीलाही शाबूत असणे, हेच त्या पूजेचे खरे फळ होय.